गप्प राहिल्याचा चहा

तांडापेठ, नागपूर
१२ नोव्हेंबर २०२४

मिनलताई,

वंदनाचा नमस्कार. फोनवर आपलं बोलणं काही पुरं होत नाही. तुम्ही 'बाबा कसे आहेत' विचारता, तेवढ्यात तेच तिकडून आवाज देतात अन् मी 'आली, आली' करत फोन ठेवून देते. म्हणून कागद घेऊन बसली. अपेक्षा मले हसून राहिली. म्हणते आई, आजकाल कोणी चिठ्ठी लिहिते का? म्हटलं, तू आपली बारावी पाहा.

चिठ्ठीचं कारण मामाजीच आहेत. तुमचे बाबा आहेत, गोड लिहावं म्हणते, पण खरंच कान किटले जी आता. सकाळी डोळा उघडला की सुरू, "गोदे, कांडी आण वं." तुमची आई, आमच्या आत्याबाई, गेल्या, माग तर त्याच्याही आधी विकला, जिथे माग होता तिथेच आता त्यांची खाट आहे. पण त्यांच्या डोक्यात धोट्यातली सुताची कांडी संपलेलीच आहे अन् आत्याबाई चरख्यावर सूत भरत बसलेल्याच आहेत. मी जाते अन् हातात जे असेल ते देते. पाण्याचा गिलास, चमचा, एकदा तर लाटणंच दिलं. "ठेव" म्हणतात, उशाशी ठेवून घेतात अन् गप होतात. घडीभरानं पुन्हा तेच.

इकडे पोळी तव्यावर जळते. फॉल-पिकोच्या साड्या पडून राहतात, बाया बोलून जातात. अपेक्षा कानात बोळे घालून अभ्यास करते. तुमचे दादा बर्डीच्या दुकानातून थकून येतात अन् बापावर खेकसतात, मग वाईट मलेच वाटते. अन् वंदना, तू जेवली का, हे कोणी विचारत नाही. अठरा वर्षं झाली या घरात. जाऊ द्या.

तुम्ही तिकडे हट्टी पोट्ट्यांले सुधारता म्हणतात. आमच्या या म्हाताऱ्या पोट्ट्यासाठी सांगा काही. डॉक्टरनं तर हात टेकले. म्हणतो, विसरणं आता वाढतच जाईल.

तुमची वहिनी,
वंदना


पुणे
२० नोव्हेंबर

वहिनी,

लाटण्याचं वाचून खूप हसले, आणि मग हसल्याची लाज वाटली. तिकडे सगळं तुम्ही निस्तरताय आणि मी इथून 'बाबा कसे आहेत' विचारते.

आमच्या केंद्रात मुलांना घेऊन आईवडील येतात, त्यांना पहिल्या दिवशी जे सांगते तेच तुम्हाला सांगते. कोणतंही वागणं फुकट टिकत नाही. त्यातून काहीतरी मिळत असतं म्हणून ते टिकतं. मूल दुकानात लोळण घेतं, कारण लोळण घेतल्यावर खाऊ मिळतो. बाबा हाक मारतात, कारण हाक मारली की तुम्ही येता. त्यांना कांडी नकोच आहे. कोणीतरी यायला हवं आहे. आईनं जन्मभर तेच केलं, हाक आली की हातातलं टाकून धावायची. तिनं लावलेली सवय आता तुम्ही पोसताय.

म्हणून असं करा. हाक मारत असतील तोवर जायचं नाही. 'आली' असंसुद्धा म्हणायचं नाही. गप्प झाले, की थोडं थांबून चहा घेऊन जा, जवळ बसा, दोन शब्द बोला. हाकेला काही मिळत नाही, गप्प राहण्याला मिळतं, हे त्यांना आपोआप उमजेल. त्यासाठी आठवण शाबूत असावी लागत नाही.

सुरुवातीला हाका वाढतील. दिवा विझताना भडकतो ना, तसं. घाबरायचं नाही. आणि मुख्य म्हणजे, मध्येच दया येऊन एकदाही गेलात तर सगळं पाण्यात. कधी मिळतं, कधी मिळत नाही असं झालं की माणूस जास्तच चिवटपणे मागत राहतो. सट्टा खेळणारा उठत नाही तो त्यामुळेच. तेव्हा जायचं नाही म्हणजे नाही.

दादाला मी फोन करून समजावते. रोज मला एका ओळीचा मेसेज करा, आज कसं गेलं. कराल ना?

मिनल


तांडापेठ
८ डिसेंबर

मिनलताई,

तुम्ही म्हटला तसाच दिवा भडकला. माय वं, काय ते दिवस होते. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन राहिला होता. शेजारचे भैयाजी दारात येऊन उभे. म्हणतात, "वहिनी, म्हातारा काहून ओरडून राहिला?" म्हटलं, इलाज सुरू आहे, पुण्याहून.

मी शिलाई मशीन चालवत बसायची. शिवायले काही नसलं तरी चिंधी घ्यायची अन् पायडल मारायची, म्हणजे ऐकू येत नाही. एका दिवशी ते रडले. मी दाराआडून पाहिलं. पाय उचललाही होता, पण तुमचं आठवलं, एकदा गेली की सगळं पाण्यात. मग पदर तोंडात धरून तिथेच उभी राहिली. पुण्यात बसून उंटावरून शेळ्या हाकणं सोपं आहे, असं मनात आलं होतं. खोटं काहून बोलू?

पण आता हाका कमी होऊन राहिल्या. गप झाले की मी चहा नेते. आलं टाकते, त्यांले आवडते. ते पितात अन् माझ्या दुसऱ्या हाताकडे पाहतात, काही आणलं का म्हणून.

एक विचारायचं होतं. परवा ते ओले होऊन बसले होते, अन् त्याच्या आधी किती वेळची हाक मारत होते. मले मागून समजलं. कामाची हाक अन् बिनकामाची हाक, दोन्ही सारख्याच ऐकू येतात. ओळखायची कशी जी?

वंदना


पुणे
१५ डिसेंबर

वहिनी,

शाबास! मनापासून म्हणते. इथे शिकलेले आईबाप दोन दिवसांत हार मानतात. परवाच्या मीटिंगमध्ये मी तुमचं उदाहरण दिलं, तर माझी सहकारी मुग्धा म्हणाली, अशी वहिनी आम्हाला द्या.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. वेळा बांधून टाका. पाणी, जेवण, बाथरूम, सगळं ठरलेल्या वेळी तुम्हीच करून घ्या. मग कामाची हाक उरतच नाही. जी येईल ती बिनकामाची.

आणि ते रडणं मनाला लावून घेऊ नका. मुलंही रडतात. नंतर तीच हसत घरी जातात.

मिनल


तांडापेठ
२० जानेवारी २०२५

मिनलताई,

तीळगूळ पाठवून राहिली, डबा परत करायची घाई नाही.

मामाजी आता हाकच मारत नाहीत. घर असं शांत झालं, की भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करते हे मले पहिल्यांदा समजलं. अपेक्षाचा अभ्यास जोरात आहे. तुमचे दादा संध्याकाळी येतात, बापाजवळ घडीभर बसतात, खेकसत नाहीत. म्हणाले, वंदना, तू कमाल केली. मी वळून पाहिलं, हे मलेच म्हणून राहिले का.

अन् तुमचा मेसेज. रोज मी लिहिते 'आज गप होते', अन् तुमच्याकडून येते 'शाबास वहिनी'. मी ते अपेक्षाले दाखवते, यांले दाखवते. मी दहावी पास झाली तेव्हाही मले असं कोणी म्हटलं नव्हतं. तुमचा मेसेज यायले उशीर झाला की मी फोन उघडून उघडून पाहते. हसू नका.

मामाजी मागत काहीच नाहीत. पाणी समोर ठेवलं तर पितात. दिवसभर चादरीचे धागे काढत बसतात अन् बोटाले गुंडाळतात. दोन चादरी वाया गेल्या. बाकी काही तरास नाही.

वंदना


पुणे
२७ जानेवारी

वहिनी,

तीळगूळ मिळाला, केंद्रात सगळ्यांनी फस्त केला. धागे काढण्याकडेही लक्ष देऊ नका, हळूहळू तेही जाईल. उन्हाळ्यात येते तेव्हा तुम्हाला माझ्याकडून एक साडी, रंग तुम्ही सांगा.

किती वर्षांनी मी निवांत झोपते आहे, वहिनी.

मिनल


पुणे
३ मार्च

वहिनी,

नागपूरहून आले, पण मन दवाखान्यातच आहे. बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन नीट झालं, आता घरी आहेत, हे दादा फोनवर सांगतो. मला ते घरी आलेले दिसत नाहीत, त्या पलंगावरच दिसतात.

इतके दिवस मी तिथे होते, पण तुम्ही माझ्याकडे धड पाहिलं नाही. तुम्हाला वाटत असेल मी तुम्हाला दोष देते. अजिबात नाही. तुम्ही सांगितलंत ना, त्यांनी आवाजसुद्धा दिला नाही, तुम्ही चहा घेऊन गेलात तर ते खाटेखाली पडलेले. डॉक्टरही म्हणाले, अचानक चक्कर आली असेल. मी तेवढंच धरून आहे. त्यांना कोणाला बोलवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे भीती वाटायलाही मिळाला नसेल.

आता काही लागलं तर मागतात का? मी होते तेव्हा एकदाही मागितलं नाही. दुखत असणार, पण नर्सकडेसुद्धा पाहत राहायचे नुसते.

मिनल


तांडापेठ
१४ मार्च

मिनलताई,

तुम्ही जे धरून बसल्या ते सोडा. ते खरं नाही. मामाजींनी आवाज दिला होता.

अपेक्षाचा पहिला पेपर होता. तिले केंद्रावर सोडून आली अन् मशीनवर बसली. तेवढ्यात हाक आली, किती दिवसांनी. 'गोदे' नाही म्हटलं त्यांनी. कांडीही नाही मागितली. म्हणाले, "वंदना, ये वं जरा."

ताई, त्यांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. चांगले होते तेव्हा सुनबाई म्हणत, आजारात मीच गोदी झाली. त्या दिवशी नावानं बोलावलं, म्हणजे त्या घडीले त्यांचं डोकं ठिकाण्यावर होतं, कोण घरात आहे हे त्यांले बरोबर समजत होतं. हे मले आता सुचते. तेव्हा मले काय वाटलं सांगू? वाटलं, झालं, पुन्हा सुरू. आता गेली तर इतक्या दिवसांचं पाण्यात. अन् आज ताईले काय मेसेज करू? आज शाबास येणार नाही, हे वाटलं मले. ते बोलावत राहिले अन् मी पायडल मारत राहिली.

मग ते गप झाले. मी उठली. गप राहिल्याचा चहा मांडला. आलं टाकलं. कप घेऊन गेली तर ते खाली पडून होते अन् माझ्याकडे पाहत होते. कण्हतही नव्हते. हाड मोडलेला माणूस, पण तोंडातून चकार शब्द नाही. आवाज दिला की कोणी येत नाही, हे आपणच त्यांले शिकवलं होतं ना.

खाली ओलं झालं होतं. त्यांले बाथरूमले जायचं होतं. तेवढंच. मी हात धरला असता.

तुमाले म्हटलं आवाज दिला नाही, डॉक्टरले तेच म्हटलं, यांलेही तेच. मामाजीची सवय मोडता मोडता मले तुमच्या शाबासकीची सवय लागली, ताई. तुमाले बोलून राहिली असं समजू नका. गोड बोलणं कोणाले नको असते, पण त्यासाठी मी पायडल मारत राहिली. आता ते मागत नाहीत. तहान लागली तरी नाही, ओले झाले तरी नाही. मी पाहून पाहून करते, तरी मागेपुढे होतेच.

तुमाले काय बोलायचं ते बोला. मी ऐकून घेईन.

वंदना


पुणे
२२ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र आल्यापासून केंद्रात गेले नाही. बोलायचं तर आहे, पण तुम्हाला काही बोलायचा मला हक्क नाही.

तुम्ही मला विचारलं होतं, कामाची हाक ओळखायची कशी. मी म्हटलं वेळा बांधा. खरं उत्तर मला तेव्हाही माहीत असायला हवं होतं. ओळखता येत नाही, म्हणून जावं लागतं. आई जायची, ती काही बाबांना सवय लावत नव्हती. ती पाहून यायची.

आमच्या कामातला हा पहिला धडा आहे, वहिनी. मुलाचा हट्ट बंद करायच्या आधी त्याला मागायची दुसरी रीत शिकवायची. बोट दाखव, 'दे' म्हण, टाळी वाजव. एक वाट बंद करण्याआधी दुसरी उघडून द्यायची. हे मी परक्या लेकरांच्या बाबतीत कधी विसरले नाही. माझ्या बापाची एकच वाट होती, ती मी बंद केली. का, तेही सांगते. फोनवर मागून ती हाक यायची ना, ती मला सहन व्हायची नाही. 'गोदे' म्हणाले की मला वाटायचं आई आता उत्तर देईल. मला ती हाक बंद व्हायला हवी होती. त्रास तुमचा होता, पण उपाय मी माझ्यासाठी सांगितला.

आणि ते चादरीचे धागे. लक्ष देऊ नका म्हटलं मी. बोटाला धागा गुंडाळत होते ते, वहिनी. कांडी भरत होते. कोणी आणून देत नाही म्हणून आपली आपण. मागाच्या घरात वाढलेली पोरगी मी, मला ते दिसलं नाही.

दादाला हे सगळं मीच सांगते. तुम्ही एकटीनं सांगायचं नाही.

आता पुन्हा काही सुचवायचं तोंड मला नाही. उंटावर बसलेलीच आहे मी. पण एक गोष्ट आहे. माणूस दुसऱ्याचं पाहूनही शिकतं. दादाला म्हणा, बाबांच्या समोर बसून त्यानं तीच हाक मारायची आणि तुम्ही यायचं. दर वेळी. या घरात हाक मारली की कोणी येतं, हे त्यांना दिसू द्या. विझलेली सवय कधीकधी पुन्हा जागी होते, असं आमची पुस्तकं म्हणतात. बाबांच्या बाबतीत होईल का, मले नाही माहीत वं वहिनी. खरंच नाही माहीत.

मेसेज करू नका. मी शाबास म्हणणार नाही.

मिनल


तांडापेठ
२५ एप्रिल

मिनलताई,

तुमचा फोन झाल्यावर हे बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही तोंड वर केलं नाही. मग एका रविवारी स्वतःच माळ्यावर चढले अन् आत्याबाईचा चरखा काढला. सोबत कांड्यांचा डबा, त्यात सूत गुंडाळलेल्या काही कांड्या तशाच होत्या, एक तर अर्धीच भरलेली. आत्याबाई उठल्या असतील मध्येच, कोणी आवाज दिला असेल.

पहिल्या दिवशी यांच्या तोंडून आवाज निघेना. दिवसभर बर्डीवर गिऱ्हाइकांले बोलावणारा माणूस, पण घरात आईच्या नावानं हाक मारता येईना. खाटेसमोर स्टूल टाकून नुसते बसून राहिले. मी दाराआड वाट पाहून राहिली. मग मारली. "गोदे, कांडी आण वं." हुबेहूब मामाजीचा आवाज आहे ताई यांच्यात, मले कधी समजलंच नव्हतं. मी धावत गेली, यांच्या हातात कांडी दिली. हे म्हणाले, "ठेव." अन् उठून मोरीवर गेले, बराच वेळ नळ सोडून होते.

तेव्हापासून रोज दुकानातून आले की हे बसतात. हाक मारतात, मी जाते. मामाजी यांच्याकडे पाहतात, माझ्याकडे पाहतात, कांडीकडे पाहतात. मग मी एक त्यांच्याही हातात देते. ते घेतात अन् उशाखाली सरकवतात. तिथे आता ढीग झाला आहे, चादर झटकताना सगळ्या खाली पडतात. धागे काढणं मात्र थांबलं.

ऊन तुमाले माहीतच आहे इथलं. पण हे बसले की आम्ही कूलर बंद करतो. कूलरच्या आवाजात काही बोलले अन् आपल्याले ऐकू नाही आलं तर? घामानं भिजून तिघंही गप बसतो, अपेक्षा पंखाही बंद करते. तिचाही आवाज मध्ये नको म्हणून मशीन मी ओसरीत नेली, भिंतीपलीकडे.

काल मी दारातच उभी होती, कांडी हातात. हे हाक मारणारच होते, तेवढ्यात मामाजीचे ओठ हलले. मी यांले हातानं थांबवलं. पुन्हा हलले. आवाज नाही आला, ताई. किती कान दिला, पण काहीच ऐकू नाही आलं.

मी म्हटलं, "आली, आली," अन् गेली.

वंदना